आडवा पडलेला मासा

"अहो, तुमचा तो मासा गेला वाटतं." घरी पहिल्यांदा आलेला माणूस चहाचा कप खाली ठेवून हलक्या आवाजात सांगतो. मी म्हणते, झोपलाय. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, मासा कुशीवर कसा झोपेल? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

हा क्लाउन लोच. नारिंगी अंगावर तीन काळे पट्टे, पहिला थेट डोळ्यावरून गेलेला. मूळचा बोर्निओ-सुमात्राच्या नद्यांमधला. माझ्याकडे पाच आहेत. पोट भरलं की खोडाखाली कुशीवर पडतात, कधी एकमेकांच्या अंगावर, तर कधी दोन दगडांच्या फटीत डोकं खुपसून. दुसऱ्या कुठल्या माशानं असं केलं तर मीही घाबरेन. यांची मात्र झोपायची तऱ्हाच ही.

मला हे ठाऊक नव्हतं तेव्हाची गोष्ट. क्रॉफर्ड मार्केटमधून पहिला लोच आणला, तोही एकटाच. हे कळपानं राहणारे मासे, एकटा आणायचाच नाही, पण तेव्हा कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तो वाळूवर आडवा. तुळशीशेजारच्या कुंडीत पुरायला म्हणून जाळीनं काढला, तर पाण्याबाहेर येताच त्यानं अंग झटकलं आणि 'टक्' असा आवाज आला. डोळ्याखालचा एरवी मिटलेला काटा उघडून जाळीत रुतला होता. ओढलं असतं तर डोळाच गेला असता. जाळीसकट पाण्यात धरून नखांच्या कात्रीनं एकेक धागा कापला. हात नुसते थरथरत होते. जिवंत जीव पुरायला निघाले होते मी, हे अजून विसरता येत नाही.

म्हणून आधी कल्ले बघा. सावकाश, एका लयीत हलत असतील तर झोपू दे बिचाऱ्याला. धाप लागल्यासारखे उडत असतील, मासा दगडावर अंग घासत असेल, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसत असतील, तर मात्र तो आजारी आहे. लोचचे खवले अगदी बारीक, त्याला हा रोग लवकर धरतो आणि औषधही जड जातं. पाकिटावरचं पूर्ण माप एकदम ओतू नका.

मे महिन्यातली गोष्ट वेगळी. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात लाइट गेली की पंप बंद. सगळेच मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले तर तांब्यानं टाकीतलंच पाणी उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहायचं. नळाचं थेट नको, पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. फायटर जातीचा मासा वर येऊन हवेचा घोट घेतो त्याची काळजी नको, त्याला हवेतून श्वास घेता येतो.

तो पहिला लोच आता 11 वर्षांचा आहे, वीतभर झालाय. काल रात्री खाण्याच्या गोळ्या टाकल्या तेव्हा काचेबाहेर टक् टक् ऐकू आलं. खुशीत असले की करतात ते. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "जेवायला बसले का गं?"