डावीकडची जागा

गौरी गेल्या आणि पाठोपाठ भाचीही परत गेली. घर सुनं वाटतंय. दोन दिवस पुरण वाटता वाटता ती जे बोलत होती ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहून ठेवते.

ती हवाई दलात हेलिकॉप्टर चालवते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण या वर्षी ती चेन्नईजवळ तांबरमला शिक्षकांचं प्रशिक्षण पुरं करून आलीय आणि आता हैदराबादजवळ हकीमपेटला नव्या पोरांना चेतक हेलिकॉप्टर शिकवते. मी गेली बावीस वर्षं साताऱ्यात गाडी शिकवते. तिनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "मावशी, तू कुठल्या बाजूला बसतेस?"

"डावीकडं. शिकणारा उजवीकडं."

"मीपण डावीकडंच!"

एवढ्याशा गोष्टीचा केवढा आनंद झाला मला.

माझ्या बाजूला जादाचा क्लच आणि ब्रेक असतो, पण स्टेअरिंग एकच. वेळ आली तर हात लांब करून ते धरावं लागतं. तिच्याकडं सगळं दुहेरी. तिनं उजव्या हातात लाटणं उभं धरलं, ती दिशा द्यायची दांडी. डाव्या हातात झारा, तो वर ओढला की यंत्र वर उचलतं. पायाखाली दोन पेडल, नाक इकडं-तिकडं वळवायला. आणि यातलं एक हलवलं की बाकीची दोन्ही सावरावी लागतात. म्हणून पहिल्यांदा ती शिकणाऱ्याला फक्त पेडल देते, बाकी सगळं स्वतःकडं. मग फक्त झारा, मग फक्त लाटणं. तिन्ही एकदम हातात आली की जमिनीपासून थोडं वर, एका जागी, स्थिर राहायचं. तेच सगळ्यांत अवघड. दांडी हलवल्यावर यंत्र किंचित उशिरा हलतं. पोराला वाटतं काहीच झालं नाही, तो आणखी ढकलतो, मग घाबरून उलट ओढतो, आणि हेलिकॉप्टर पाळण्यासारखं झुलायला लागतं. अगदी माझ्याकडच्या नवशिक्यांचं स्टेअरिंग!

"मग तू कधी घेतेस हातात?" मी विचारलं. मला खरं तर एवढंच जाणून घ्यायचं होतं. ती म्हणाली, तिची बोटं दांडीभोवती सतत असतात, पण टेकत नाहीत. लवकर घेतलं तर तो शिकत नाही, आणि उशीर झाला तर दोघंही जमिनीवर. घेताना तोंडानं स्पष्ट सांगायचं, की आता ताबा माझ्याकडं. त्यानंही तसं उत्तर द्यायचं. कुणाच्या हातात आहे याचा क्षणभरही गोंधळ चालत नाही.

इंजिन बंद पडलं तर काय, हेही शिकवावं लागतं. झारा ताबडतोब खाली करायचा. यंत्र खाली येताना खालून येणारी हवा पंखा फिरता ठेवते, भिरभिऱ्यासारखा. जमीन जवळ आली की नाक उचलून वेग मोडायचा आणि शेवटी झारा ओढून, पंख्यात उरलेल्या जोरावर अलगद टेकायचं. झारा ओढायची ती संधी एकदाच मिळते. हे ती दुसऱ्याच्या हातून करवून घेते. ऐकताना माझ्या हातातलं पुरण तसंच राहिलं.

मी साताऱ्यातल्या सदर बझारात वाढले. १९६१ मध्ये सुरू झालेलं, देशातलं पहिलं सैनिक स्कूल आमच्या शेजारी, पण तिथं मुलींना प्रवेश मिळाला तो २०२१ पासून. १९९४ साली हवाई दलाच्या पहिल्या महिला वैमानिक तयार झाल्या तेव्हा मी कॉलेजात होते. भाचीकडून ग्रुप कॅप्टन शालिझा धामींचं नाव ऐकलं. हवाई दलातल्या पहिल्या महिला उड्डाण-शिक्षिका, चेतक आणि चीता चालवणाऱ्या, २०१९ मध्ये फ्लाइट कमांडर, म्हणजे तुकडीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकारी झालेल्या. म्हणजे माझी भाची जिथं बसते ती जागा कुणीतरी आधी कमावून ठेवली होती.

गेल्या महिन्यात एका मुलीचे वडील माझ्यासमोर म्हणाले, "घाटात शिकवायला कुणी सर नाहीत का?" फार लागलं. बावीस वर्षांत माझ्या गाडीला एकदाही अपघात नाही. भाचीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, तिच्याकडं रोज उड्डाणांचा तक्ता लागतो. ज्याचं नाव जिच्यापुढं, त्यानं तिच्यासोबत उडायचं. मला तो तक्ता फार आवडला.

आज सकाळी त्याच मुलीला यवतेश्वर घाटात नेलं. वडील शेवटी तयार झाले होते. धुकं होतं. दुसऱ्या वळणावर चढाला गाडी बंद पडली आणि मागं सरकू लागली. एरवी माझा पाय आपोआप ब्रेकवर पडतो. मागं कुणी नव्हतं. आज मी पाय ब्रेकच्या वर धरला, टेकवला नाही. गाडी हातभर मागं गेली. मग तिनंच ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला, गाडी सुरू केली, हाफ क्लचवर धरली आणि सोडली.

वर पोचेपर्यंत दोघींपैकी कुणीच बोललं नाही. वर गेल्यावर ती म्हणाली, "ताई, तुम्ही दाबला नाही ना ब्रेक?"

"नाही दाबला," मी म्हटलं.