नागपूर–नागभीड डुक्कर फार्म दौरा: पैसे भरायच्या आधी हे वाचा

आधीच सांगतो, पाय अजून दुखताहेत आणि डोकं तापलेलं आहे, त्यामुळे जरा तिखट लिहिलं जाईल. मोबाईलवर त्या रील येतात ना, दहा मादी ठेवा आन वर्षाला दहा लाख कमवा, मागे पांढरी यॉर्कशायर डुकरं, पुढे गॉगलवाले भाऊ? तसल्याच एका भाऊंनी "फार्म व्हिजिट पॅकेज" काढलंय. एका दिवसात तीन फार्म, चहा-नाश्ता, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, माणशी अडीच हजार. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड आणि तिथून आतली गावं. मी हिंगणघाटकडचा कापूस-सोयाबीनवाला, दोन-तीन वर्षांपासून जोडधंदा शोधतोय, म्हटलं बघून तर येऊ. गाडी आपली आपण आणायची हे पैसे भरल्यावर सांगितलं.

बाईक चालवता येते, गमबूट घरी आहेत आणि पाचेक किलोमीटर चिखलात चालायची तयारी आहे हे धरूनच पुढचं लिहितोय, नसेल तर घरीच बसा.

नागभीडपर्यंत काही त्रास नाही, सरळ जा. खरी मजा डांबरी सोडल्यावर. पहिला जोरदार पाऊस होऊन गेलेला, आतमधे पांदण रस्ता, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गुडघाभर, दोन्ही बाजूला धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, पाय टेकवायचा तर धुऱ्यावर, आणि धुरा म्हणजे वीतभर. दर शंभर पावलांवर मडगार्डात चिखल भरून मागचं चाक जाम. उतरायचं, काडीनं उकरायचं, ढकलायचं, परत बसायचं. आमच्यातल्या एकाची क्लच प्लेट तिथंच जळली. भाऊ मात्र बोलेरोत पुढे. मागून विचारलं की असा रस्ता आहे हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणे "शेतीचा धंदा आहे सर, एवढं चालायचंच." जून ते ऑक्टोबर हा दौरा करूच नका, कोणी कितीही डिस्काउंट देवो. करायचाच तर गाडी फाट्यावरच्या टपरीवर लावा आणि पायी जा, वेळ तेवढाच लागतो.

आता ते "बायोसेक्युरिटी किट", म्हणजे बाहेरचा रोग फार्मात जाऊ नये म्हणून घालायचं सामान. पहिल्या फार्मच्या तोंडाशी भाऊंनी प्रत्येकाच्या हातात एक पाकीट दिलं, ३५० रुपये वेगळे, कम्पल्सरी. आत काय, तर पायात घालायच्या दोन निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, एक मास्क, एक टोपी. पिशव्या दहा पावलात चिखलात फाटल्या. आणि निघताना भाऊ काय म्हणाले माहिती आहे? "फेकू नका, पुढच्या फार्मवर पण हेच घालायचं आहे." त्यावेळी आमच्या कोणाच्या डोक्यात काही आलं नाही, पण हे वाक्य लक्षात ठेवा, दिवसभरातली सगळ्यात महाग गोष्ट तीच होती.

पहिला फार्म. गेट नाही, कोणी विचारलं नाही कुठून आले, घरी जनावरं आहेत का, सरळ आत. पत्रे इतके खाली की हात वर केला की लागतात, ढगाळ दिवस असूनही आत भट्टी. कोपऱ्यात नागपूरच्या हॉटेलांतून आलेलं उष्टं, त्यात हाडं, प्लास्टिक, वर गावातली कुत्री. पिल्लं लांबून गुबगुबीत दिसतात, पण जवळ जाऊन एक उचललं तर कान कागदासारखे पांढरे, थोडं पळालं की धापा टाकतंय. भाऊ म्हणे जात पांढरी आहे म्हणून. किंमत साडेसहा हजाराला एक, आणि "आज बुक केलं तर पाचशे कमी". दोघांनी तिथल्या तिथे फोनवरून अ‍ॅडव्हान्स टाकला.

दुसऱ्या फार्मवर मात्र गेट बंद. जाळीचं डबल कुंपण, मधे दोन हाताची मोकळी जागा, गेटाशी चुन्याची पट्टी, औषधाच्या पाण्याचं सिमेंटचं टाकं, आणि आतल्या बाजूला ओळीनं ठेवलेले गमबूट. एक काका आले, साठीच्या पुढचे, बनियनवर, आणि पहिला प्रश्न, "सकाळी कोणत्या फार्मावर होते जी?" भाऊंनी कौतुकानं सांगितलं. काका म्हणाले, "मंग आत नाही सोडत." भाऊ चिडले, मी पाहुणे आणले, तुमचीच जाहिरात होते, वगैरे वगैरे. काका हललेच नाहीत. "माह्याकडं चाळीस माद्या हायेत. तुमच्या बुटाले लागून काही आलं तं भरून कोण देईन?" निम्मी मंडळी वैतागून बोलेरोच्या मागे निघून गेली. आम्ही तिघं-चौघं मोहाच्या झाडाखाली थांबलो, काका जाळीच्या पलीकडे, आम्ही अलीकडे, आणि जे काही शिकलो ते तिथंच शिकलो. अडीच हजारातले तेवढे पैसे वसूल, बाकी पाण्यात.

काकांना भीती होती ती आफ्रिकन स्वाइन फिवरची. डुकरांचा हा रोग २०२० मध्ये आसाम-अरुणाचलकडून आपल्या देशात आला. माणसाला होत नाही, पण डुकराला झाला की जवळपास गोठाच रिकामा होतो, आणि आपल्याकडे त्याची लस नाही. साध्या स्वाइन फिवरची लस आहे, ती टोचायचीच, पण तिचा या दुसऱ्या रोगाला काही उपयोग नाही. आणि बरेच विकणारे "स्वाइन फिवरची लस झालेली आहे" म्हणून पिल्लं गळ्यात मारतात, तेव्हा कोणता फिवर ते विचारा. हा विषाणू मटणात, रक्तात, बुटाच्या चिखलात, गाडीच्या टायरला टिकून राहतो. एका फार्मला लागण निघाली की सरकार एक किलोमीटरच्या आतली सगळीच डुकरं मारतं, म्हणजे शेजाऱ्याच्या हलगर्जीपणात आपणही गेलो. आता सांगा, सकाळी एक फार्म, दुपारी दुसरा, त्याच फाटक्या पिशव्या घालून, हा दौरा आहे का रोग वाटायचा कार्यक्रम? माझं मत साफ आहे, जो फार्मवाला तुम्हाला न विचारता आत सोडतो त्याच्याकडून एक पिल्लूसुद्धा घेऊ नका. जो गेटावरून हाकलतो त्याचा नंबर घ्या.

हॉटेलच्या उष्ट्याचं पण विचारलं. काका म्हणाले फुकट दिसतं, पण रोगाचा मोठा रस्ता तोच. द्यायचंच तर ९० डिग्रीला तासभर ढवळत उकळायचं, लाकूड, डिझेल, माणूस, सगळं धरलं तर फुकट राहत नाही. त्यांनी बंद केलंय.

मग हिशेब. भाऊंच्या रीलमधे मादी वर्षातून तीनदा विते. गाभणकाळ ११४ दिवस, गुणिले तीन म्हणजे ३४२. उरले २३ दिवस, त्यात तीन वेळा पिल्लांना दूध कधी पाजायचं? काका दीड महिना पाजतात, दूध तोडल्यावर आठवड्याभरात मादी माजावर येते, म्हणजे एक चक्कर साडेपाच महिन्यांची, वर्षाला दोन वेत धरा, फार झालं तर थोडं वर. वेताला दहा झाली तर आठ जगली पाहिजेत. जगणं न जगणं पहिल्या तीन दिवसांत ठरतं, त्यातली बरीच आईखाली दबून जातात. काकांनी मादी विण्याच्या खोलीत भिंतीपासून आणि फरशीपासून वीतभर अंतर ठेवून पाईप बसवलाय, आई भिंतीला रेलून खाली बसली तरी पिल्लू पाईपच्या मागे सुटतं. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन, कारण आईच्या दुधात लोह पुरत नाही आणि सिमेंटवर माती चाटायला मिळत नाही. सकाळची पांढऱ्या कानाची पिल्लं सांगितली तर काका नुसते हसले. पाच-दहा रुपयांच्या इंजेक्शनची कंजुषी, आणि पिल्लू साडेसहा हजाराला!

माज हुकला तर पुढचा २१ दिवसांनी. रोजचा अडीच किलो खुराक धरला तर पन्नास किलोवर खुराक मादीनं फुकट खाल्ला. म्हणून काका वहीत तारखा लिहितात, आणि वही गेटावरच टांगलेली. पहिल्या फार्मवर वही कुठंय विचारलं होतं, तर मालकानं कपाळावर बोट ठेवलं होतं.

खर्चात सत्तर टक्के खुराक. एक किलो वजन वाढायला तीन किलोच्या आसपास खुराक लागतो. दहा किलोचं पिल्लू नव्वदला न्यायचं तर २४० किलो. म्हणजे खुराक किलोमागे एक रुपया महाग पडला की डुकरामागे २४० रुपये गेले. आता कनकी (तांदळाचा तुकडा) आणि कोंडा या धानपट्ट्यात राईस मिलवर मिळतो, मका आणि सोया ढेप बाहेरून. आपल्या कापूसवाल्यांसाठी खास, सरकी ढेप घरी पडलेली असते म्हणून टाकाल तर डुकरं मारून बसाल, सरकीतलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य गाई-म्हशींना पचतं, डुकराला नाही. सोयाबीनसुद्धा कच्चं द्यायचं नाही, भाजून किंवा ढेपच. भिजलेला, बुरशी लागलेला मका स्वस्तात मिळतो, तो पण नको. भाऊंच्या पूर्ण ट्रेनिंगमधे यातलं एक अक्षर नव्हतं.

उन्हाचं ऐकून मला खरंच धडकी भरली. डुकराला घाम येत नाही म्हटलं तरी चालेल, आणि आपला मे म्हणजे ४५-४६. काकांचे पत्रे उंच, वर धानाची तणीस (वाळलेला पेंढा), बाजूला ओली पोती, दुपारी पाण्याचे फवारे. नर उन्हात तापला तर त्याचा परिणाम पुढचा दीड महिना राहतो, मे मधे तापलेला नर जून संपेपर्यंत कामाचा नाही, मादी लावली तरी परत माजावर येते. दूध पाजणारी मादी दिवसाला वीस-तीस लिटर पाणी पिते. बोअर एप्रिलमधे आटत असेल तर हा धंदा विसरा, सबसिडी मिळो की न मिळो.

सबसिडीचं पण ऐका. भाऊ म्हणतात पन्नास टक्के मिळते, तुम्ही फक्त सही करा, फाईलचे पंधरा हजार. राष्ट्रीय पशुधन अभियानात पन्नास टक्के आहे हे खरं, पण ३० लाखांची जी कमाल रक्कम ते सांगतात ती १०० मादी आणि १० नरांच्या युनिटला. पैसे हप्त्यानं येतात आणि आधी बँक कर्ज किंवा स्वतःचा खर्च दाखवावा लागतो. दहा मादीवाल्याला त्या तीस लाखाशी देणंघेणं नाही. अर्ज ऑनलाइन आहे, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, पंधरा हजार कशाचे?

जागा बघताना दोन गोष्टी. धानाच्या बांध्यांना आणि वस्तीला चिकटून नको, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे जपानी मेंदूज्वर निघतो, त्याचा विषाणू डुकरात वाढतो आणि बांधीतला डास तो माणसापर्यंत नेतो. आणि रानडुकरं, रोग तीही आणतात. साधी तार त्यांना काहीच नाही, काकांचं डबल कुंपण त्यासाठीच आहे.

तिसऱ्या फार्मवर मी गेलोच नाही, काकांचं ऐकून जावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी साकोलीकडे ओळखीच्या माणसाकडे गेलो, रस्ता चांगला, जेवण छान, तिथलं लिहिण्यासारखं काही नाही.

जाणाऱ्यांसाठी, नागभीड–सिंदेवाही–ब्रम्हपुरी पट्ट्यात अंधार पडायच्या आत डांबरीवर या, वाघाची थट्टा नाही. पेट्रोल नागभीडलाच भरा. दिवसाला एकच फार्म, अंघोळ करून, धुतलेल्या कपड्यात, आणि घरी आधीच डुकरं असतील तर फोनवर तसं सांगून. आल्यावर बूट आणि टायर धुण्याच्या सोड्याच्या किंवा ब्लिचिंगच्या पाण्यानं घासून धुवा, नुसतं पाणी मारून नाही. पिल्लं आणलीच तर महिनाभर वेगळी ठेवा. शिकायचं असेल तर नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करा, सर्टिफिकेट छापून देणाऱ्या भाऊंकडे नाही.

मी दोन फार्मचे पैसे परत मागितलेत. "सर, बघतो" असा मेसेज आला, आणि त्याच्यावर त्यांच्या पुढच्या बॅचची जाहिरात. फी आता तीन हजार, किट वेगळं.