९४० चा खड्डा चंद्रावरचा नव्हता

कोजागरीच्या रात्री गच्चीवरच्या दुर्बिणीतून घेतलेला चंद्राचा वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा उजेड किती याचा आलेख, मी मांडला होता. तो मागे घेतो आहे. अपोलो ११ उतरलं त्या ट्रँक्विलिटीच्या लाव्हा-मैदानाच्या आलेखात ९४० नॅनोमीटरपाशी जो खोल खड्डा दिसला, तो मी म्हटलं होतं तसा पायरॉक्सीन या खनिजातल्या लोहाचा नाही. आपल्याच हवेतल्या बाष्पाचा आहे.

आई मसाला दुधाचं पातेलं घेऊन गच्चीवर आली तेव्हा चंद्र पंचविसेक अंशांवर होता. तेव्हाची फ्रेम आणि मध्यरात्री तो जवळजवळ डोक्यावर असतानाची, अशा दोन्ही शेजारी लावल्या तर दुसरीतला खड्डा चक्क उथळ! चंद्रावरचं खनिज चार-पाच तासांत बदलत नाही. मग अपोलो १६ उतरलं त्या डेकार्टच्या पठाराचा वर्णपट काढला. तिथली माती प्लॅजिओक्लेज या फिकट खनिजाची, लोह बेताचं. तरी तोच खड्डा, त्याच जागी.

त्याआधी मी भलतीकडेच शोधत होतो. कॅलिब्रेशन घसरलं असेल म्हणून टेस्टरमधला निऑन दिवा पुन्हा स्पेक्ट्रोग्राफच्या स्लिटपुढे (उजेड आत घेणाऱ्या बारीक फटीपुढे) धरला, ७०३.२ आणि ८३७.८ च्या रेषा जागच्या जागी. दुसऱ्या ऑर्डरचा उजेड (निळा उजेड दुप्पट तरंगलांबीच्या जागी पुन्हा पडतो तो) म्हणावा, तर लाल फिल्टर बसवल्यापासून तो येतच नाही. लोहाचा पट्टा ९५० च्या आसपास, बाष्पाचा ९४० ला, आणि पाऊस नुकताच सरलेल्या बडोद्याची दमट हवा. तीन आठवडे गेले यात.

तोड तशी जुनीच आहे. दुर्बिणीतून चंद्राचे वर्णपट घेणारे अपोलो १६ ची जागा प्रमाण मानून बाकीच्या जागांचे वर्णपट तिच्या वर्णपटाने भागतात, म्हणजे दोन्हींत सारखी असलेली हवा उडून जाते; प्रमाण तीच, कारण तिथली माती प्रयोगशाळेत मोजलेली आहे. मीही भागलं होतं, पण दोन फ्रेममध्ये दहा मिनिटं गेलेली. तेवढ्यात चंद्र वर सरकतो आणि हवेचा थर बदलतो.

मग सुचलं की दोन्ही जागा एकाच स्लिटवर का घेऊ नयेत? १२०० मिलिमीटरच्या फोकल लेंग्थला चंद्राची प्रतिमा ११ मिलिमीटर पडते. अपोलो ११ आणि १६ च्या जागा तीत जेमतेम सव्वा मिलिमीटर अंतरावर, आणि माझी स्लिट ५ मिलिमीटरची. स्पेक्ट्रोग्राफ फक्त फिरवता यायला हवा. मकरपुऱ्यातल्या लेथवाल्या काकांनी ॲल्युमिनियमची रिंग इतकी नेटकी काढून दिली की स्क्रू सैल केला की अलगद फिरते आणि कसला की हलत नाही. (स्लिट मात्र दाढीच्या ब्लेडचीच ठेवा. ऑनलाइन मागवलेल्या तयार स्लिटच्या कडा भिंगाखाली करवतीसारख्या दिसल्या, परत केली.)

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या रात्री अर्ध्या सेकंदाच्या चाळीस फ्रेम घेतल्या आणि भागाकार केला. ७६० ची ऑक्सिजनची खाच पूर्ण सपाट! तीच नाहीशी झाली म्हणजे हवा खरोखर वजा झाली. मी किती तरी वेळ त्या सपाट रेषेकडे बघत बसलो. ९०० च्या पुढे उरला तो एक उथळ, पसरट उतार; हजाराकडे सेन्सर आंधळा होतो आणि नुसता नॉइज उरतो. पण हा उतार चंद्राचा आहे.

आता ४१५ आणि ७५० चं गुणोत्तर घ्यायचं होतं. १९९४ च्या क्लेमेंटाइन यानाच्या चित्रांवरून टायटॅनियमचे नकाशे याच जोडीने झाले. इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज शोधायचं तर तीच वाट, आणि हायड्रोजनसोबत तापवून त्यातूनच पुढे ऑक्सिजन काढता येतो. त्यासाठी लाल फिल्टर काढून जागा एकेक मोजणार होतो.

पण हे लिहिता लिहिता बेत बदलला. माझ्या डॉब्सोनियनला (हाताने फिरवायच्या दुर्बिणीला) ट्रॅकिंग नाही, म्हणजे ती आपोआप चंद्रामागे फिरत नाही म्हणून इतके दिवस मी हळहळत होतो, आणि तेच कामाचं आहे! स्लिट उत्तर-दक्षिण ठेवायची, दुर्बीण सोडून द्यायची. दोनेक मिनिटांत अख्खा चंद्र स्लिटवरून सरकतो; प्रत्येक फ्रेम म्हणजे चित्राची एक ओळ. चांद्रयान-१ वरचे हायसी आणि एम-३ हे वर्णपट घेणारे कॅमेरे असेच ओळीओळीने चित्र घेत होते. अपोलो ११ आणि १६ च्या ओळींत आठेक सेकंदांचाच फरक पडेल, तेवढ्यात हवा काही बदलत नाही.

त्यासाठी १२ मिलिमीटरची स्लिट लागेल. ब्लेडची धार तेवढ्या लांबीत समांतर कशी ठेवता, कुणी केलं असेल तर सांगा. उद्या सकाळी मकरपुऱ्याला जाणार आहे, त्याआधी कळलं तर बरं.