वीस अंशांचं पाणी

डेव्हलपर म्हणजे कृष्णधवल फिल्म धुण्याचं रसायन. त्याच्या पाकिटावर २० अंश सेल्सिअस छापलेलं असतं. ज्यानं ते ठरवलं त्यानं मे महिन्यात गोव्यातल्या पेडणे तालुक्यात बादली भरून पाहिलेली नसणार. पार्सेत आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. चिऱ्यात खोदलेल्या विहिरीच्या पाण्याचं गार म्हणून सगळं घर कौतुक करतं, पण थर्मामीटर बुडवला की तेही सव्वीस-सत्तावीस सांगतं.

मी फॅशनचे फोटो काढतो. पगार कुणाचाच नाही, काम आलं तर काम. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात थंडीच्या मोसमात मुंबई-दिल्लीचे ब्रँड लिननचे कपडे आणि उंच माणसं घेऊन उतरतात. त्यातल्या काहींना फोटो फिल्मवरच हवे असतात आणि ते रोल मी घरी धुतो. हे सांगितलं की लोकांना लाल दिव्याची खोली दिसायला लागते. लाल दिवा कागदावर प्रिंट काढताना. फिल्मला तोही चालत नाही, तिला मिट्ट काळोख लागतो. आणि खोली कसली, मी मोरीत पाटावर बसून बर्फ फोडत असतो.

बर्फ शापोऱ्याच्या जेटीवरून आणतो. बर्फ नेतो पण मासळी घेत नाही, अशा माणसाबद्दल तिथं एकच निष्कर्ष निघतो. “आज पण पार्टी?” असं विचारतात. मी हो म्हणतो. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं.

हा बर्फ डेव्हलपरमध्ये घालायचा नसतो, नाहीतर तो पातळ होईल. बर्फाच्या पाण्यात बाटल्या बुडवून ठेवायच्या आणि पारा उतरायची वाट बघायची. मी २४ अंशांवर तडजोड करतो. २० पर्यंत नेलं तरी पुढे फिल्म खळबळायला पाणी विहिरीचंच, सत्ताविसाचं. गारातून एकदम कोमटात गेली की जुन्या फिल्मच्या थराला सुरकुत्या पडायच्या. हल्लीच्या फिल्म सोसतात म्हणे, पण ब्रँडच्या पैशांवर ती परीक्षा कोण घेणार? उष्ण प्रदेशांसाठी कोडॅकनं एकेकाळी डीके-१५ नावाचा डेव्हलपर काढला होता. थर फुगू नये म्हणून त्यात सोडियम सल्फेट असायचं. म्हणजे आमची अडचण कुणाच्या तरी कानावर गेली होती.

एवढी उस्तवार करण्यापेक्षा रोल मुंबईच्या लॅबला पाठव, असं मित्र म्हणतात. अडतं ते इथल्या उन्हापाशी. सकाळी दहानंतर वाळू पांढरी, कपडे पांढरे, आणि मॉडेलच्या डोळ्यांखाली कोळशासारखी सावली. अशा उन्हात फिल्मला उजेड थोडा जास्त द्यायचा, म्हणजे सावलीत काहीतरी उमटतं; आणि धुताना वेळ कमी करायचा, म्हणजे लिननची वीण जळून जात नाही. किती कमी, ते त्या दिवशीच्या उन्हावर. लॅबला चिठ्ठी लिहून हे कळवता येतं, पण ते ऊन मी पाहिलेलं असतं, त्यांनी नाही. आता एचपी-५ या कृष्णधवल फिल्मला डी-७६ या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात. विहिरीच्या पाण्याच्या तापमानाला तोच हिशेब पाच मिनिटांच्या आत येतो, आणि पाचाच्या आत आलं की आकाशात ढग नसताना पट्टे उमटतात. त्यातून आणखी कापायचं काय? म्हणून डेव्हलपरमध्ये निम्मं पाणी घालायचं, वर बर्फ. दोन्ही मिळून थोडा वेळ हातात येतो, आणि तो आला की कमी करता येतो.

फोटोग्राफर प्रबुद्ध दासगुप्ता गोव्यात राहायचे. २०१२ साली गेले. त्यांनी फॅशन केली, आणि गोव्यातल्या कॅथलिक समाजाचे कृष्णधवल फोटोही काढले. ते बघताना मला माणसांच्या आधी सावल्या दिसतात. काळ्या आहेत, पण आत घर आहे.

रंगीत फिल्मचं मात्र उलट. तिला ३८ अंश लागतात आणि डेव्हलपरमध्ये ती सव्वातीन मिनिटंच असते. मे महिन्यातली आमची काळी टाकी हे काम जवळजवळ फुकटात करते. रंगीत फिल्म गोव्यात नांदायला आलेली आहे, कृष्णधवल मात्र अजून थंड हवेच्या माहेरचंच बोलते.

दमटपणाचं गाऱ्हाणं वेगळंच. धुण्याआधी फिल्म रिळावर चढवायची काळ्या कापडी पिशवीत, दोन्ही हात बाह्यांत घालून. पाच मिनिटांत आत घामाची वाफ. प्लास्टिकच्या रिळाला जरा ओल लागली की फिल्म अर्ध्यावर अडते, मागे जात नाही, पुढे जात नाही, आणि नाक तेव्हाच खाजतं. म्हणून रीळ आधी हेअर ड्रायरनं सुकवायचं आणि हे काम पहाटे उरकायचं. पावसाळ्यात शूट नसतात, तेव्हा स्वतःचे रोल काढतो. ते दोरीवर वाळायला दिवस घेतात, आणि दिव्याभोवतीचे किडे ओल्या थरावर येऊन बसतात ते कायमचेच.

डेव्हलपिंग थांबवायला ॲसेटिक ॲसिड लागतं, म्हणजे शेवटी व्हिनेगरच. त्या वासावरून शेजारच्या काकींनी बरीच वर्षं माझ्या स्वयंपाकाबद्दल भलता समज करून घेतला होता. “सोरपोतेल तू घरी करतोस?” असं त्यांनी एकदा जरा दुखावल्या आवाजात विचारलं. सोरपोतेल म्हणजे व्हिनेगर घालून केलेलं डुकराचं मटण. आता त्यांची काळजी विहिरीची आहे, आणि ती रास्त आहे. फोटो पक्का करणाऱ्या रसायनात, म्हणजे वापरलेल्या फिक्सरमध्ये, फिल्मवरची चांदी उतरलेली असते. मी तो कॅनमध्ये साठवतो, अंगणात ओतत नाही. “चांदी आहे तर बांगडी होईल का रे?” असंही विचारून झालंय.

किनाऱ्यावर या सगळ्याचा पत्ता नसतो. आर्ट डायरेक्टर क्लिक झाल्याबरोबर कॅमेऱ्याच्या पाठीकडे वाकतात आणि काळं झाकण बघून सरळ होतात. पूर्वी त्यांच्या समाधानासाठी पोलरॉइड, म्हणजे जागेवरच उमटणारा फोटो, काढायचे. पोलरॉइडनं २००८ मध्ये ती फिल्म बंद केली, फुजीनं आपली शेवटची, वरचा कागद सोलून फोटो मिळायचा ती फिल्म २०१६ मध्ये. आता मी आधी डिजिटलवर एक फ्रेम काढून दाखवतो. ती त्यांना इतकी आवडते की कधीकधी फिल्म कशाला, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर येऊन जातो. मग मी घाईनं रोल भरतो. १२० नावाच्या रुंद फिल्मच्या रोलवर सहा बाय सात सेंटीमीटरच्या दहाच फ्रेम. मॉडेलही तेवढ्यापुरती नीट उभी राहते.

पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात. मार्चमध्ये सीएकडे बिलांची पिशवी नेली की तो एकेक कागद उजेडात धरतो. बर्फ, व्हिनेगर, चाळणीचं कापड. व्हिनेगर त्यानं रसायनांत बसवलं, बर्फ पाहुणचारात. हेअर ड्रायरवर मात्र त्यानं मान वर करून माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथं आता फारसं काही उरलेलं नाही. शेवटी आम्ही तो मॉडेलच्या मेकअपमध्ये टाकला.