एकवीस इंची लिंबाची फळी

गंगाखेडजवळच्या आमच्या शेतातला बांधावरचा लिंब, म्हणजे कडुलिंब, २०२२ च्या मे महिन्यात वाऱ्या-वावधानात उन्मळून पडला. माझ्या आजीच्या भाकरीचं फडकं कायम त्याच्या फांदीला टांगलेलं असायचं. सरपणाला द्यायला जीव होईना. बुंधा ट्रॅक्टरवर टाकून आरा गिरणीत नेला आणि सव्वादोन इंच जाडीच्या फळ्या काढून आणल्या. त्यातली सगळ्यात रुंद एकवीस इंचांची निघाली. तिचा लेकीसाठी अभ्यासाचा टेबल करायचा, हे तिथंच ठरलं.

परभणीच्या घरी पत्र्याच्या शेडात, टोकांना ऑइलपेंट फासून, मधे पट्ट्या घालून दोन वर्षं फळ्या वाळवल्या. काढून बघतो तर रुंद फळीला बाक. पट्टी आडवी ठेवली की मधून पाच मिलिमीटर उजेड दिसायचा. फळीच्या टोकाकडून बघितलं की झाडाची वर्तुळं कमानीसारखी दिसतात. लाकूड वर्तुळाच्या रेषेत जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीकडं साधारण त्याच्या निम्मं. त्यामुळं वाळताना त्या कमानी सरळ व्हायला बघतात आणि फळी सालीच्या बाजूनं वाटीसारखी होते.

फर्निचरवाल्याची रंधा मशीन बारा इंची. "मधून चिरा, दोन्ही तुकडे सपाट करून देतो, मग चिकटवा," म्हणाला. सल्ला चुकीचा नाही, तशी फळी सपाट करणं सोपं जातं. पण ती फळी मला अखंडच पाहिजे होती.

मग हातरंधा घेतला. डगमग थांबेपर्यंत खाली पाचरी ठोकल्या आणि लाकडाच्या रेषेला, म्हणजे तंतूंना, आडवा रंधा मारत गेलो. लिंबाची रेष मधेच उलटते. इकडून गुळगुळीत निघतं, दोन बोटं पुढं गेलं की कचकन उचकटतं. आडवं मारलं तर उचकटणं बरंच कमी होतं, फक्त पातं वरचेवर घासायला लागतं. दोन दिवसांत वरची बाजू आरशासारखी झाली. सहा मिलिमीटर खाल्लं होतं. तशीच फरशीवर आडवी टाकून झोपलो.

सकाळी पट्टी ठेवली तर तीन मिलिमीटर उजेड. जीव खाली-वर झाला. शेजारच्या सुतारमामांना बोलावलं. त्यांनी वरून हात फिरवला, मग फळी उचलून खालून.

"सर, वरून हिला उघडी केली आन् खालून फरशीला चिकटवली. वर वारं लागलं, खाली नाही. मग वाकंल नाही तर काय करंल? एकाच बाजूनं कशाला खाता हिला?"

दोन वर्षं वाळली तरी सव्वादोन इंची फळीचं पोट थोडं ओलसर राहिलंच होतं. वरची कोरडी साय मी काढली आणि मेच्या उन्हाळ्यात ते पोट वरच्या अंगानं एका रात्रीत सुकलं, आकसलं.

फळी भिंतीला उभी टेकवली, दोन्ही अंगांना हवा लागेल अशी. तीन आठवडे हात लावला नाही. त्या दिवसांत राउटरचा, म्हणजे फिरत्या पात्यानं लाकूड खाणाऱ्या मशीनचा, गाडा केला: फळीच्या दोन बाजूंना चौकोनी लोखंडी पाइपांचे रूळ, वर राउटर धरून सरकणारी प्लायची घोडी. रुळांना पीळ आहे का ते दोऱ्यानं बघितलं. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे तिरपे ताणायचे, ते मधे नुसते टेकले पाहिजेत. मग वरचा खाली, खालचा वर करून परत बघायचं. ही दुसरी खेप बरेच जण गाळतात, पण दोरे एकमेकांना दाबत असतील तर ते तेव्हाच कळतं.

एका वेळी दीड मिलिमीटरच खोल. एक बाजू, मग फळी उलटी, मग परत पहिली. राउटरच्या रेषा शेवटी रंध्यानं आणि पोलादी पात्यानं खरवडून काढल्या. शेडभर लिंबाचा कडवट वास.

आता फळी पावणेदोन इंच उरली आहे. पावसाळाभर उभी ठेवली होती. दसऱ्याला पट्टी लावली तेव्हा मधे वहीचा कागदसुद्धा सरकला नाही. पायांच्या चौकटीला ती लांबट भोकांतून स्क्रूनं बसवली, रुंदीत तिला हलायला जागा राहावी म्हणून. लेकीनं पहिल्याच दिवशी त्यावर पाटी-दप्तर न मांडता गाल टेकवला आणि म्हणाली, "बाबा, शेतातला वास येतोय."