आमची वाटचाल: लोणचं, लायसन आणि एक सही

आईने १९८४ साली इंदूरच्या रामबागेतल्या घरी मागच्या अंगणात कैरीचं लोणचं घालून विकायला सुरुवात केली, बाबा सायकलला बरण्या बांधून राजवाड्यापर्यंत पोचवायचे, झाली आमची कंपनी. पुढे एफपीओचं, म्हणजे फळं-भाज्यांच्या पदार्थांसाठी तेव्हा लागणारं सरकारी लायसन आलं. तपासणीला येणाऱ्या साहेबांचं लक्ष लोणच्यापेक्षा खिडकीच्या जाळीवरच, पांढऱ्या टाइल्स लावल्या तेव्हा कुठे कागद हलला. घरात रोज एकच रडगाणं, सरकार धंदा करू देत नाही!

पण त्याच सरकारने आमच्यासाठी केवढं कुंपण घातलं होतं ते कोणी बोलायचं नाही. छोट्या उद्योगांसाठी राखीव मालाची यादी १९६७ ला ४७ वस्तूंची होती, ती वाढत वाढत ८०० च्या वर गेली, त्यात लोणची-चटण्याही, म्हणजे मोठ्या कंपनीला इथल्या बाजारासाठी स्वतःचा लोणच्याचा कारखाना काढणं जवळपास बंदच. जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांना लायसन लागणं बंद झालं, आमची यादी राहिली, आम्ही गप्प. शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये खुल्या झाल्या, ब्रेड, अगरबत्ती, काचेच्या बांगड्या आणि लोणचं. त्या जूनमध्ये चोइथराम मंडीत कैरीचे क्रेट उतरवून घेताना पहिल्यांदा पोटात गोळा आला.

भाची इकॉनॉमिक्स शिकते, ती म्हणाली, मामा, बाजार चुकतो म्हणून लोकांच्या भल्यासाठी सरकार नियम करतं ही झाली जुनी थिअरी, शिकागोच्या अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलरने १९७१ मध्ये सांगितलं की नियम बहुतेक वेळा धंदेवालेच मागून घेतात. फायदा मोजक्यांना भरपूर, भुर्दंड लाखो गिऱ्हाइकांत वाटला जातो, बरणीमागे दोन रुपयांसाठी कोण मोर्चा काढणार? अमेरिकेत १९७८ ला विमानांचे भाडे-मार्ग सरकारी बोर्डाच्या हातून सोडवले तर बऱ्याच विमान कंपन्यांचाच विरोध होता म्हणे. मला हसूच आलं, आमचंच वर्णन की हे!

सगळं काही पटत नाही मला. १९९८ ला दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याची भेसळ होऊन ६० च्या वर माणसं गेली, तेलाचा डबा मी आजही आधी हुंगून, बोटावर घेऊन बघतो, पण गिऱ्हाइकाने काय काय हुंगायचं?

आणि आता आमचा पराक्रम. मोठ्या कंपन्यांपुढे चालेना तेव्हा आम्ही काही लोणचेवाल्यांनी मिळून अर्ज तयार केला, घरगुती लोणचेवाल्या बायकांना नुसतं शंभर रुपयांचं रजिस्ट्रेशन नको, आमच्यासारखं पूर्ण लायसन हवं. वर ठळक अक्षरात 'जनतेच्या आरोग्यासाठी'. भाचीने वाचून सांगितलं, रविवारी दारूबंदी हवी म्हणणारे चर्चवाले आणि त्याच दिवशी चोरून विकणारे, दोघं एकाच बाजूला असतात, ब्रूस यँडल नावाच्या माणसाने १९८३ मध्येच लिहून ठेवलंय, तू यातला कोण?

सही मी केली. संध्याकाळी आई मोहरीची डाळ पाखडत होती, तिला अर्ज वाचून दाखवला, तर सूप खाली न ठेवताच म्हणाली, "म्हणजे तेव्हा मला बंदच केलं असतंस की रे."