जड भरलेला पांडा

लिलावात यायच्या नाण्यांची आधी पारख करणे हे माझे काम आहे. एका गृहस्थांनी वडिलांनी जमवलेली वन्यजीवांची चांदीची नाणी तपासायला आणली, तेव्हा निम्मी पारख त्यांनी घरीच उरकली होती. ऑस्ट्रेलियाचे कुकाबुरा पक्षी, कॅनडाचा लांडगा, चीनचे पांडा असे सगळे काट्यावर तोलून, जे नाणे हलके भरले त्या २०१६ च्या पांडावर त्यांनी ‘बनावट’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. बाकीची नाणी एक ट्रॉय औंसाची, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅमची, आणि हे एकटेच ३० ग्रॅमचे, असा त्यांचा वरवर बिनतोड वाटणारा तर्क होता. संग्रहातला राहिलेला २०१८ चा पांडा त्यांनी स्वतः ऑनलाइन विकत घेतला होता आणि तो अगदी ३१.१ ग्रॅम भरल्यामुळे त्याच्याविषयी ते पूर्ण निर्धास्त होते.

मला शंका आली ती नेमकी त्याच नाण्याची. चीनने २०१६ पासून पांडाच्या नाण्यांसाठी औंसाचे माप सोडून ग्रॅमचे माप घेतले आणि दहा युआन दर्शनी मूल्याचे चांदीचे नाणे तेव्हापासून ३० ग्रॅमचे पाडले जाते. म्हणजे २०१६ चे नाणे हलके नव्हते. २०१८ चे जड होते. त्यावर स्वतःचे वजन ३० ग्रॅम असल्याचे बारीक आकड्यात कोरलेले होते, पण पांडाच्या छबीवरून नजर तिथवर सहसा पोहोचत नाही.

चुंबकाची परीक्षा त्या गृहस्थांनी घरी केली होती. तिरप्या धरलेल्या नाण्यावरून प्रबळ चुंबक रेंगाळत घसरला, म्हणून चांदी खरी, असे त्यांनी धरले होते. मात्र चुंबकाची ही घसरण मंदावते ती धातू विजेचा चांगला वाहक असल्यामुळे, आणि तांबेही तसे उत्तम वाहक असल्यामुळे त्यावरूनही चुंबक जवळजवळ तसाच घसरतो. म्हणून मी दोन्ही पांडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलले. चांदीची घनता पाण्याच्या सुमारे १०.४९ पट, त्या हिशेबाने ३० ग्रॅमच्या नाण्याच्या वजनात पाण्यात साधारण २.८६ ग्रॅमची घट यायला हवी आणि २०१६ च्या नाण्यात ती तेवढीच आली. दुसऱ्यात ३.४८ ग्रॅमची घट आली, म्हणजे घनता ८.९४ च्या आसपास, जवळजवळ तांब्याइतकी. वर चांदीचा मुलामा होता.

भिंगाखाली उरलेसुरले चित्र स्पष्ट झाले. खऱ्या नाण्यात पांडाच्या अंगावरचे काळे-पांढरे पट्टे चकचकीत आणि खरबरीत पृष्ठभागांच्या विरोधातून उमटतात. इथे कान, डोळ्यांभोवतीची वर्तुळे आणि गाल एकाच राखाडी झाकीचे होते, आणि केसांच्या रेषा साच्यातून ओतल्यासारख्या बोथट. (प्राण्यांच्या नाण्यांची नक्कल करणाऱ्याची खरी कसोटी लोकर आणि पिसे यांवरच लागते, असे माझे मत आहे.) कुकाबुरा आणि लांडगा मात्र सगळ्या चाचण्यांतून निर्वेध पार पडले.

अहवालात मी २०१६ चे नाणे अस्सल ठरवून लिलावासाठी घेतले आणि २०१८ चे नाणे पाण्यातल्या वजनाच्या नोंदींसह परत केले; विक्रेत्याकडे पैसे मागताना जोडण्यासाठी त्या गृहस्थांनी त्या नोंदींची सहीशिक्क्याची प्रत मागून घेतली.